घरात ससा आहे आणि बीगलचं पिल्लू येतंय, ओळख कशी करून द्यायची?

जास्वंद

नमस्कार. घरी दोन वर्षांचा नर ससा आहे, वजन १.८ किलो, नसबंदी केलेली नाही. हॉलच्या कोपऱ्यात त्याचं प्लेपेन (सळ्यांच्या पॅनलचं कुंपण) आहे, ४ फूट बाय ४ फूट, उंची २ फूट. सकाळ-संध्याकाळ मिळून चारेक तास तो हॉलमध्ये मोकळा असतो. पंधरा दिवसांनी बीगलचं पिल्लू येणार आहे, तेव्हा ते ९ आठवड्यांचं असेल. घर पुण्यात, दोन बीएचके, गॅलरी पश्चिमेची. १० वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला दोघांनाही मांडीवर घेऊन बसायची घाई झाली आहे.

ससा गॅलरीत हलवावा की हॉलमध्येच राहू द्यावा? पहिली भेट कधी आणि कशी घडवायची? पिल्लाच्या लसी-औषधांचा सशाला काही धोका असतो का? बीगल ही शिकारी जात, तेव्हा हे मुळात जमण्यासारखं आहे का, तेही सांगा. व्हिडिओत कुत्रा-ससा एकमेकांना चिकटून झोपलेले दिसतात, त्यावर विसंबायचं नाही एवढं कळतंय.

हरळी

ताई, गॅलरीचा विचार सोडूनच द्या. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की त्याला ते झेपत नाही, आणि पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते मे दुपारी ते किती जातं हे तुम्हालाच ठाऊक. दुसरं असं की घरात कुत्र्याचा वास शिरतो त्याच आठवड्यात सशाची जागाही गेली, तर त्याच्या दृष्टीने दोन्ही संकटं एकदम. ससा आहे तिथेच राहू दे. बंधनं नव्याने येणाऱ्यावर घालायची.

आता प्लेपेन. २ फूट उंची पुरणार नाही. बुजलेला ससा जागेवरून दोन-अडीच फूट सहज उडतो, आणि पलीकडे नेमकं पिल्लू असतं. ३ फुटांचे पॅनल घ्या. बाजारातल्या बहुतेक प्लेपेनच्या उभ्या सळ्यांमध्ये ३ ते ४ सेंटीमीटरची फट असते, त्यातून पिल्लाचं नाक आणि पुढचे दात आत जातात. सशाच्या पायाची बोटं सळ्यांजवळ आली की नख उपटलं जातं, कधी बोटच जातं. खालच्या २ फुटांवर १ इंच चौकोनाची वेल्डेड जाळी झिप टायने बांधा. कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला, नाहीतर ससा ती कुरतडतो. षटकोनी कोंबडीजाळी नको, ती वाकते आणि सशाच्या दातांना दाद देत नाही असंही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरं कुंपण. पहिल्या कुंपणाबाहेर दीड-दोन फूट अंतर सोडून आणखी एक पॅनल-रांग लावा. तुमचं पेन कोपऱ्यात आहे, म्हणजे दोनच बाजूंना लागेल. एकच कुंपण असलं की पिल्लू त्याला पंजे लावून दिवसभर आत बघत उभं राहतं, आणि सशाला स्वतःच्या घरात त्या नजरेबाहेरचा कोपरा उरत नाही. लोक म्हणतात की जाळी आहे ना मध्ये. चावण्यापुरतं ते खरं आहे. भीतीला जाळी अडवत नाही. हॉलमध्ये एवढी जागा निघत नसेल तर हॉलच्या दारालाच जाळी लावलेलं बेबी गेट बसवा आणि पिल्लाचा मुक्काम पलीकडे ठेवा.

आत लपायला पुठ्ठ्याचं खोकं हवं, साधारण १६ बाय १२ इंचाचं, समोरासमोरच्या बाजूंना ६-६ इंचाची दोन दारं कापून. एकच दार असलेलं खोकं म्हणजे सापळा, समोर कुणी आलं की आतला ससा कोंडला जातो. खोक्याचं छप्पर सपाट आणि भक्कम असू द्या, धीट ससे वर चढून टेहळणी करतात. पेनची एक बाजू जाड चादरीने पूर्ण झाका. फरशीवर सतरंजी हवीच. सशाच्या पायाला गादी नसते, नुसतेच केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर दचकून पळताना मागचे पाय फाकतात आणि कंबरेला इजा होते. मागच्या पायांत ताकद खूप आणि कणा नाजूक, त्यामुळे ससा स्वतःच्याच लाथेने कणा मोडून घेऊ शकतो. मुलाला ‘मांडीवर घेऊन पिल्लाला दाखवू’ यासाठी नाही म्हणायचं ते याच कारणाने. हातात धरलेल्या सशाला पळायला वाट नसते, तो झटका देतो, आणि ओरखडे खाल्लेला माणूस हात सोडतो.

हे सगळं आत्ताच करा. पिल्लू यायच्या आधी दहा-बारा दिवस सशाला नवं खोकं, नवी उंची, चादर सवयीची झाली पाहिजे.

नसबंदीबद्दल: करायला हवीच, पण या पंधरवड्यात नको. कुत्र्याचा वास आला की नसबंदी न झालेला नर जागोजाग मूत शिंपडतो आणि लेंड्या टाकत हद्द आखतो, त्यावर तो उपाय आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर हार्मोन निवळायला ४ ते ६ आठवडे लागतात. एक तर पिल्लू महिनाभर पुढे ढकला, नाहीतर पिल्लू रुळल्यावर करा. आणि सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवत नाहीत. त्याला उलटी होऊच शकत नाही आणि रिकामं पोट थंडावलं की तेच जिवावर बेततं. रात्रीपासून उपाशी आणा असं कुणी म्हणालं तर ते डॉक्टर ससे फारसे बघत नाहीत असं समजा.

जाता जाता, घरकामाला मावशी येत असतील तर त्यांना नीट समजावून सांगा. फरशी पुसताना पॅनल सरकवले जातात आणि कडी तशीच राहते. दोन्ही कुंपणांना गिर्यारोहणाचा असतो तसा स्प्रिंगचा हूक लावा. फिनाइलही हॉलमधून बंद करा, त्याचा उग्र वास सशाच्या श्वसनाला त्रास देतो. पिल्लाच्या मुतावर निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर पुरतं.

टिवल्याबावल्या

एवढा बाऊ कशाला? पिल्लू लहान आहे तोवरच दोघांना सोडा एकत्र. सशाचा एक पंजा नाकावर बसला की पिल्लू शहाणं होतं. मोठं झाल्यावर ओळख करून देणं उलट अवघड.

पाटीपेन्सिल

@टिवल्याबावल्या, ओळख लवकर व्हावी हे बरोबर आहे. पिल्लांचा समाजीकरणाचा काळ साधारण १४ आठवड्यांपर्यंत असतो आणि त्यात जे शांतपणे पाहिलं ते आयुष्यभर साधं वाटतं. पण ‘सोडा एकत्र’ इथे गणित फिसकटतं. सशाच्या नखाने पिल्लाच्या डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा जाऊ शकतो, हे एक. आणि बहुतेक ससे पंजा मारत नाहीत, पळतात. पिल्लाने एकदा धावत्या सशाचा पाठलाग केला आणि मजा आली की शिकवणी झाली, फक्त उलटी. नंतर ते पुसायला महिने जातात. सशाच्या बाजूनेही तेच, तो त्या दिवसापासून कुत्र्याच्या सावलीलाही बुजतो.

ताई, बीगलबद्दल. ही जात इंग्लंडमध्ये कळपाने वासावरून ससे हुडकण्यासाठीच घडवली गेली. आपल्याकडे कारवान कुत्रा डोळ्याने हेरून धावतो, बीगल नाकाने चालतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पडदा लावून ससा नजरेआड केला तरी बीगलचं काम संपत नाही, त्याला दाराच्या फटीतून सगळं कळत असतं. म्हणून तुमच्या घरात वासाची ओळख जास्त दिवस चालेल. जमेल का? ‘ससा दिसला तरी पिल्लू चटईवर पडून राहतं’ इथवर बहुतेक बीगल मेहनतीने येतात. ‘एकटे सोडता येतात’ इथवर येतात असं मी कुणालाही सांगणार नाही, कोणत्याच जातीबद्दल. दोस्ती हे ध्येय ठेवू नका. पिल्लाला ससा कंटाळवाणा वाटला पाहिजे.

पहिला आठवडा-दीड आठवडा: फक्त वास. एकमेकांना दिसायचं नाही. एक जुना सुती रुमाल पिल्लाच्या गालावर आणि मानेवर फिरवा आणि सशाच्या पेनबाहेर, गवताच्या जागेपासून ३-४ फुटांवर ठेवा. ससा जेवत राहिला तर दुसऱ्या दिवशी फूटभर जवळ. पाय आपटले तर परत मागे. लघवीचा वास असलेलं कापड वापरू नका, तो वास सशाला थेट धोक्याचा वाटतो. पिल्लाला सशाच्या पेनमधलं वापरलेलं गवत मूठभर द्या, हुंगू द्या, आणि हुंगून ते स्वतःहून बाजूला झालं की लगेच खाऊ द्या. तोंडात घेऊन फाडायला लागलं तर उचलून घ्या.

याच दिवसांत, सशाशिवाय, तीन गोष्टी. नावाला वळून बघणं. चटईवर जाऊन पडणं. आणि ‘राहू दे’. ‘राहू दे’ असं शिकवतात: बंद मुठीत खाऊ, पिल्लू चाटेल, ओरबाडेल, तुम्ही गप्प. नाक मागे घेतलं त्या क्षणी ‘शाब्बास’ आणि दुसऱ्या हातातून खाऊ. मुठीतला कधीच द्यायचा नाही. मग खाऊ जमिनीवर. मग दोरी बांधलेलं मऊ खेळणं हळू ओढायचं, नंतर झटक्याने ओढायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि नेमकी तीच लागते, कारण ससा जमिनीवर पडलेल्या बिस्किटासारखा स्थिर बसत नाही. चीं-चीं वाजणारी खेळणी मात्र या घरात नकोतच, तो आवाज पकडलेल्या सावजाच्या जवळचा आहे. शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरायचा. आई ‘राहू दे’, बाबा ‘नो’ आणि मुलगा ‘ए ए ए’ असं चाललं तर पिल्लाला काहीच कळत नाही.

खाऊ म्हणजे हरभऱ्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा. दिवसाच्या जेवणातून तेवढं कमी करा, बीगल लठ्ठ व्हायला वेळ लागत नाही.

मग नजरभेट. दोन माणसं हवीत. एक पिल्लाजवळ, एक सशाजवळ जमिनीवर बसलेलं. सशाला हात लावायचा नाही, तो पेनमध्ये गवत किंवा कोथिंबीर खात असावा. पिल्लाला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि ५-६ फुटांची साधी लीश (धरायची दोरी). आपोआप गुंडाळणारी लीश नको, तिला सतत ताण असतो आणि ताण पिल्लाला पुढे ओढायला शिकवतो. वेळ दुपारची निवडा. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत उधळे असतात, हवेत उड्या मारतात, आणि पिल्लांनाही संध्याकाळी चेव येतो. दोन्ही एका वेळी नको. पिल्लू खेळून, शी-शू करून, जरा थकलेलं असावं. फार थकलेलंही नको, मग ते चिडचिडं होतं आणि चावत सुटतं.

सुरुवात १२ ते १५ फुटांवरून. पिल्लाने सशाकडे पाहिलं की एक-दोन सेकंदांच्या आत ‘शाब्बास’ आणि खाऊ. ते स्वतःहून नजर काढून तुमच्याकडे वळलं की तीन तुकडे, एकामागून एक. ३ मिनिटं झाली की उठून निघायचं, सगळं छान चाललेलं असताना. दिवसातून दोनदा पुरे.

काय बघायचं? पिल्लाचं तोंड मिटलं, नजर खिळली, कान पुढे आले, अंगाचा भार पुढच्या पायांवर गेला, खाऊ नाकाशी धरला तरी घेत नाही, याचा अर्थ ते दबा धरायच्या बेतात आहे. हाक मारत बसू नका, लीश हळू बाजूला वळवून ३-४ फूट मागे या. शेपूट हलतेय म्हणजे खूश, हे इथे चालत नाही, ताठ शेपूट वेगाने हलते ती उत्तेजनेची. पुढचे पाय टेकून मागचं अंग वर करणं हे पिल्लाच्या भाषेत खेळायचं आमंत्रण असलं तरी सशाला ती झेपच वाटते.

सशाची चूक तर जवळजवळ सगळे करतात. तो हलत नाही, म्हणून ‘बघ कसा शांत बसलाय’. नाकाकडे बघा. निवांत सशाचं नाक सतत फुरफुरत असतं. नाक थांबलंय, अंग जमिनीला चिकटलंय, कान पाठीवर दाबलेत आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, तर तो गोठलाय. निवांत ससा चघळतो, तोंड धुतो, कूस टाकून पसरतो.

लागोपाठ तीन भेटींत ससा खात राहिला आणि लीश सैल राहिली, तर पुढच्या वेळी दीड फूट जवळ. एक भेट बिघडली तर तीन फूट मागे. या हिशोबाने बाहेरच्या कुंपणापर्यंत यायला तीन ते सहा आठवडे धरा. कुणाला दहा दिवसांत जमलं असेल तर चांगलंच आहे, तुम्ही त्याची बरोबरी करू नका.

ससा हॉलमध्ये मोकळा आणि पिल्लू त्याच खोलीत, ही पायरी त्यानंतर, आणि तीही पिल्लाची लीश सोफ्याच्या पायाला बांधून शिवाय हातात धरून. चटईवर चाटायला काहीतरी द्या, चपट्या ताटलीत दही चालेल. ससा हॉलमध्ये फिरेल, जवळ यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. पिल्लाला त्याच्याकडे कधीच न्यायचं नाही. लपायची खोकी हॉलमध्ये दोन ठिकाणी ठेवा.

आणखी एक. चार महिन्यांचं पिल्लू सशाकडे ढुंकूनही बघत नाही म्हणून गेट काढून टाकू नका. पाठलाग, पकड हे सगळं ६ महिन्यांनंतर वयात येताना जोर धरतं आणि दीड वर्षापर्यंत वरखाली होत राहतं. पिल्लू गुरगुरलं तर ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात येतात.

थर्मामीटर

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय, मी फक्त औषधं आणि आजारांपुरतं लिहितो.

सर्वांत आधी पिसवा-गोचिडांचं औषध. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे कित्येक थेंब आणि स्प्रे फिप्रोनिलचे असतात. कुत्र्यासाठी ते रोजच्या वापरातलं औषध आहे, सशासाठी विष. फिट्स येऊन ससा दगावतो. सशाला ते लावायचं नाहीच. पिल्लाला लावलं असेल तर सशाने त्याचं अंग चाटणं, त्याच्या चटईवर बसणं हेही किमान ४८ तास टाळायचं. गोचिडांवरच्या अमिट्राझ या औषधाचे पट्टे आणि धुण्याची औषधंसुद्धा सशाच्या घरात नकोत. पिल्लू ८ आठवड्यांच्या आणि २ किलोच्या वर असेल तर तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात, अंगावर काही राहत नाही. डॉक्टरांना ‘घरात ससा आहे’ हे पहिल्याच भेटीत सांगा, न सांगता ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लसींचा सशाला धोका नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार सशाला होत नाहीत. पिल्लाचे डोस ६-८ आठवड्यांपासून सुरू होऊन ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस १२ आठवड्यांना. पण केनेल कफमध्ये (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यात) सापडणारा बॉर्डेटेला जिवाणू सशातही राहू शकतो, म्हणून पिल्लू खोकत असेल तर खोल्या वेगळ्या, भांडी वेगळी, हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही.

खरी भीती कातडीच्या रोगांची. दुकानातून किंवा गर्दीच्या ब्रीडरकडून आलेल्या पिल्लांवर लूत आणि नायटा सर्रास असतो, आणि दोन्ही सशाला लागतात, मुलालाही. कानाच्या कडा, कोपरं, पोट इथे खाज, केस गळून गोल चट्टे, असं काही दिसलं तर पिल्लू बरं होईपर्यंत वासाचा रुमालसुद्धा द्यायचा नाही. सशात लूत नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडेला आणि पंजांवर पांढरट खपलीसारखी दिसते. पहिले १४ दिवस पिल्लू वेगळं ठेवणं याचसाठी बरं. पाटीपेन्सिल म्हणतात तो वासाचा टप्पा डॉक्टरांनी कातडी तपासल्यावर सुरू करा.

जंत: पिल्लाला १२ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध, मात्रा वजनावर. सशासाठी हरळी किंवा गवत सोसायटीच्या ज्या लॉनवर कुत्री शी करतात तिथून तोडू नका, धुऊनही जंतांची अंडी पूर्ण जात नाहीत.

पिल्लू सशाच्या लेंड्या खाणार, हे गृहीत धरा. बहुतेक वेळा काही होत नाही, फार खाल्ल्या तर शी पातळ होते. गंमत अशी की सशाचा कोक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) पिल्लाच्या पोटातून तसाच बाहेर पडतो आणि विष्ठा तपासणीत ‘कोक्सिडिया’ असा शेरा येतो. तो पिल्लाचा आजार नसतो. लेंड्या खाल्ल्याचं सांगा, नाहीतर उगाच औषधाचा कोर्स होतो. उलट बाजूने, सशाने पिल्लाचं ड्रायफूड खाता कामा नये. प्रथिनं आणि चरबी जास्त, तंतू नाहीत, सशाचं पोट बिघडतं. पिल्लाचं जेवण गेटपलीकडे आणि जेवण झालं की भांडं उचला.

आता सशाचं रोजचं मोजमाप. ताणाने सशाचं पोट थांबतं आणि ते फार लवकर थांबतं. निरोगी ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० लेंड्या टाकतो. मोजत बसायची गरज नाही, सकाळी ट्रे साफ करताना ढीग रोजच्याएवढा आहे ना, आणि लेंड्या वाटाण्याएवढ्या गोल आहेत ना, एवढं बघा. बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर भेटी बंद. गवत मुबलक द्या. टिमोथी (सशांना देतात ते सुकं गवत) नाही मिळालं तर ओटचं सुकं गवत. लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला ते रोजचं नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला एकदा वजन. १.८ किलोच्या सशात आठवड्यात ९० ग्रॅमच्या वर घट झाली तर मी पुढे जाणार नाही. १० ते १२ तास काही खाल्लं नाही आणि लेंडीही नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर.

जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. पिल्लू आलंय, डॉक्टरांनी कातडी तपासून ठीक सांगितलं, वेगळं ठेवायचे दिवसही संपलेत. वासाचा टप्पा चालू आहे. दोन गोष्टी अडल्यात. रुमाल ठेवला की ससा लपत नाही, उलट जवळ येतो, हुंगतो आणि मागचा पाय आपटतो. मग परत येतो. याला पुढे जायची खूण समजायचं का मागे? आणि पिल्लू रात्री बेडरूममध्ये क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात) रडतं, तो आवाज हॉलपर्यंत जातो.

शिवाय एक भीती विचारून ठेवते. इतकं करूनही दात लागलाच, तर काय करायचं?

हरळी

पाय आपटणं म्हणजे ‘काहीतरी आहे’ अशी हाळी, ती भीतीचीही असते आणि हद्दीच्या रागाचीही. परत येतोय म्हणजे घाबरून हटलेला नाही, नसबंदी न झालेल्या नराला ते शोभतंच. घड्याळ लावा: आपटल्यानंतर तो गवताकडे किती वेळात वळतो? पाच मिनिटांच्या आत खायला लागला तर अंतर तेच ठेवा, रुमाल रोज नवा वासाचा द्या, आपटणं आपोआप विरळ होईल. अर्धा तास झाला तरी खात नसेल तर रुमाल आणखी लांब. आपटल्यावर त्याला उचलून समजूत काढायला जाऊ नका. तुम्हीही तेव्हा वरून झडप घालणाऱ्यांतलेच ठरता. जमिनीवर बसून दोन काड्या कोथिंबीर पुढे करा, घेईल तर घेईल.

रडण्यासाठी क्रेट तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडता येईल असा, आणि झोपण्याआधी शू. एवढ्या लहान पिल्लाला रात्रीतून एक-दोनदा बाहेर काढावंच लागतं, रडू चढायच्या आधी गजर लावून उठा. हॉलचं दार रात्री बंद, दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावा. आवाज कमी होतो आणि बीगलच्या नाकालाही थोडा आराम.

पाटीपेन्सिल

यात एकच भर. रात्रीच्या रडण्यावर पिल्लाला हॉलमध्ये घेऊन फेऱ्या मारू नका. अंधारात, अर्धवट झोपेत, कुंपणाजवळून जाणं म्हणजे न ठरवलेली पहिली भेट.

थर्मामीटर

दात लागला तर. आधी पिल्लाला उचला, सशाला नव्हे. पिल्लू सशाला धरून असेल तर ओढू नका, ओढल्याने कातडी फाटते. पिल्लाच्या नाकाशी पनीर धरा किंवा हार्नेस उचलून पुढचे पाय अधांतरी करा, जबडा सुटू शकतो.

ससा पळाला असेल तर पाठलाग नको. खोली रिकामी करा, दिवा मंद करा, तो थांबला की टॉवेल टाकून दोन्ही हातांनी, मागच्या अंगाला आधार देऊन उचला. कान किंवा मानेच्या कातडीने कधीच नाही. मागचे पाय ओढत असेल तर हाताने न उचलता कडक पुठ्ठा अंगाखाली सरकवून त्यावरच न्या.

रक्त दिसत नाही म्हणून थांबायचं नाही. सशाची कातडी पातळ आणि केस दाट, वर टाचणीएवढं छिद्र असतं आणि खाली स्नायू चिरडलेला असतो. केस बाजूला करून बघा, मेडिकलमधल्या सलाइनने धुवा. हळद, डेटॉल, माणसांचं मलम काही नको. आणि घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तोंडाने तर मुळीच नको, त्याने सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जखमेपेक्षा औषधानेच तो जातो. जबरदस्तीने पाणी पाजू नका, धक्क्यात ते श्वासनलिकेत जातं. त्याच दिवशी डॉक्टर, वरून ठीक दिसत असला तरी.

त्यासाठी आजच दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारा: ससे बघता का, रविवारी आणि रात्री कोण असतं, सशाला सिरिंजने भरवायचं तंतुमय खाद्य ठेवता का. हवेची भोकं असलेला झाकणाचा कॅरियर, आत टॉवेल आणि मूठभर गवत घालून दाराजवळच्या कपाटात ठेवून द्या. तो माळ्यावर असला तर ऐनवेळी शिडी शोधण्यात वेळ जातो.